कोल्हापूरचा अंक

सकाळी अकराच्या सुमाराला सावरखेड्याच्या शिवारात विहिरीचं काम चालू असताना स्फोट झाला. तीन माणसं जागेवर गेली. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या शहरात भर बाजारात बॉम्ब फुटला. तिथं किती गेले, ते संध्याकाळपर्यंत कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका तालुक्याच्या गावी दैनिकाचा प्रतिनिधी होतो. एसटी स्टँडसमोर माडीवर एक खोली होती. तिच्यात खाट, टेबल आणि पाण्याचा माठ. बातमी खालच्या दुकानातून फॅक्सनं जायची. फोटो पाकिटात घालून संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यावा लागे. गावांत मोबाइल पोचायला अजून अवकाश होता.

बाजारातल्या स्फोटाची बातमी मला फॅक्सवाल्याच्या रेडिओवर कळली. तोवर मी सावरखेड्याहून परत आलो होतो. विहिरीच्या तळाला काळा खडक लागला होता. आदल्या दिवशी भरलेल्या सुरुंगांपैकी एक फुटलाच नव्हता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सकाळी तिघं खाली उतरले आणि पहार नेमकी त्याच्यावर बसली. दोघं शेजारच्या तांड्यावरचे होते. तिसरा गावातला, सुदाम ढाकणे, वय बावीस.

मयताचा फोटो मिळवणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. रडणाऱ्या घरात शिरायचं आणि फोटो मागायचा. तांड्यावरच्या दोघांचा फोटोच कधी काढलेला नव्हता. सुदामच्या घरात फक्त त्याचा बाप होता, रखमाजी तात्या. तात्यांची बायको आधीच वारलेली. तात्यांनी मला काहीच विचारलं नाही. भिंतीवरची तसबीर उतरवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो होता. मागं तळं आणि हंस रंगवलेला पडदा, पुढं दोन भाऊ. मोठ्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर.

"हा दुसरा कोण?" मी विचारलं.

"थोरला. मुरलीधर."

"तो कुठं असतो?"

"कोल्हापूरकडं. लोखंड ओतायच्या कारखान्यात." एवढं बोलून तात्या बाहेर लोकांत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर पेपरचे गठ्ठे उतरले. आमच्या जिल्ह्याच्या अंकात पहिल्या पानावर वर आडवा मथळा बाजारातल्या स्फोटाचा होता, त्याखाली धुराचा मोठा फोटो. उजव्या अंगाला चौकटीत आमची विहीर आणि सुदाम. धावपळीत कुणीतरी छापताना फोटो घाईनं कापला होता. मुरलीधर गेला होता, पण त्याचा हात सुदामच्या खांद्यावर तसाच राहिला होता. सगळ्या पानावर माणसाचा चेहरा तेवढा एकच होता.

बन्सीच्या हॉटेलात पेपर एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत होता. लोक आधी वरचं वाचत, मग खालचं. आकडा कुठवर गेला याची चौकशी चालली होती. रेडिओवर रात्री चाळीस म्हणत होते, आता साठ म्हणतात, कुणी म्हणे सरकार लपवतंय. कुणीतरी विहिरीचा विषय काढला, तेव्हा बन्सी कपबशा विसळता विसळता म्हणाला, "आपले तीनच."

"तीन का असंनात, आपले हायेत," कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला.

"आपले हायेत हे खरं. पन त्यांला मारलंय, बाबा. आपले मेलेत. फरक हाय का न्हाई?"

फरक आहे यावर हॉटेलात एकमत झालं. मारणारा कोण यावर बोलायला पुष्कळ होतं. विहिरीत मारणारा कुणीच नव्हता, त्यामुळं बोलायलाही काही नव्हतं. दोन दिवसांनी ती बातमी आत गेली, चौथ्या दिवशी संपली. बाजाराची रोज चालूच होती.

दहाव्याला मी सावरखेड्याला तसबीर परत दिली आणि नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना. कावळे बाभळीवर येऊन बसत, खाली पाहत आणि उडून जात. ऊन वर आलं तशी माणसं सावलीला सरकली, आणि बसल्या बसल्या पुन्हा बाजारातल्या स्फोटाकडे वळली. संशयितांची रेखाचित्रं त्या दिवशीच्या पेपरात आली होती. एकाचं नाक गावातल्या कुणासारखं आहे यावरून थोडं हसूही झालं. तात्या उन्हातच उभे होते, पिंडाकडे तोंड करून. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

शेवटी सरपंच उठले आणि पिंडासमोर हात जोडून म्हणाले, "सुदाम, मुरलीला बोलावून घेतो. त्याची काळजी करू नको."

"त्याच्या नावानं काय कबूल करू नका," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, एक तार करायला काय जातंय? सख्खा भाऊ आहे."

"लग्नाला आवतण असतं, मयताला नसतं. पेपरात आलंय. त्याला पेपर वाचल्याबिगर चहा जात न्हाई. यायचं आसतं तर आला आसता."

रीत तीच होती. मौतीची खबर आपल्या पायानं जाते, आणि ज्याला यायचं तो आपल्या पायानं येतो. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी अंघोळीला पांगली.

त्या आठवड्यापासून तात्या दर बाजाराच्या दिवशी माझ्या खोलीवर येऊ लागले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसत, कोपरीच्या खिशातून घडी केलेला पेपर काढत आणि मला देत. त्यांना वाचता येत नव्हतं. मी बातमी वाचून दाखवायचो. माझीच बातमी. सुदामचं नाव आलं की ते मान हलवत, पुढचं ऐकत नसत.

पहिल्या वेळी त्यांनी धुराच्या फोटोवर बोट ठेवलं होतं.

"ह्यो धूर आपल्या हिरीचा का?"

"नाही, तात्या. तो तिकडचा."

"आपला धूर कुनी काढला न्हाई," ते म्हणाले. मग पेपरची घडी करून खिशात ठेवली.

जाताना एक प्रश्न ठरलेला असे. "ह्योच पेपर कोल्हापूरला जातो न्हवं?"

जातो, मी सांगायचो. आमच्या दैनिकाची कोल्हापूरला आवृत्ती होती.

बाजारातून ते फारसं काही घेत नसत. एकदा मी पाणी दिलं, बस येईपर्यंत वेळ होता, आणि त्यांनी न विचारता सांगायला सुरुवात केली. मुरलीधर लहानपणापासून वाचण्याचा नादी. शाळेत असताना पारावर बसून सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवायचा. पुढं कोल्हापूरकडं नोकरीला लागला. गावची पोरं सगळी पुण्याला जातात, हा मुद्दाम दुसरीकडं गेला. त्याचं म्हणणं एकच होतं, सुदामला माझ्याबरोबर द्या, कारखान्यात लावतो.

"म्हनला, त्या ब्लास्टिंगच्या कामाला घालू नका त्याला, तात्या. हातपाय तुटून माघारी येतंय एखांद्या दिवशी. म्या म्हनलो, तू गेला, त्यो बी गेल्यावर म्या काय एकल्यानं भिताडाकडं बघत भाकर खावी? लई बोललो त्याला. त्यानं बी वळून बघितलं न्हाई."

खाली स्टँडवर गाडी लागली होती. तात्या उठले नाहीत.

"आता त्यानं वाचलंय. वाचून बसलाय तिकडं. मनात म्हनत आसंल, घ्या, खाल्लं का न्हाई तुम्ही पोराला." त्यांनी खिशावरून हात फिरवला. "त्याचं बरोबर हाय, पत्रकार. म्या कोन्च्या तोंडानं तार करू?"

पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीत प्रतिनिधींची बैठक होती. जेवणाच्या सुट्टीत मी संदर्भ विभागात गेलो. तिथं सगळ्या आवृत्त्यांच्या फायली लाकडी दांड्यांना लावून ठेवलेल्या असत. तालुक्यात बसून आम्हाला आमच्या जिल्ह्याखेरीज दुसरा अंक दिसत नसे. मी कोल्हापूरची फाईल काढली आणि ती तारीख उघडली.

पहिलं पान सगळं बाजारातल्या स्फोटाचं. दुसऱ्यावरही तेच. विहीर मला सातव्या पानावर सापडली, थोडक्यात बातम्यांच्या रकान्यात, एका पतसंस्थेच्या सभेखाली. ‘बीड जिल्ह्यात विहिरीचे काम सुरू असताना झालेल्या स्फोटात तीन मजूर ठार झाले. पोलीस तपास करीत आहेत.’ गावाचं नाव नव्हतं, माणसांची नव्हती.

फायलींचं काम पाहणारे कुलकर्णी शेजारी उभे होते. मी त्यांना ओळी दाखवल्या. ते म्हणाले, एवढं आलं हेच पुष्कळ. कोल्हापूरच्या वाचकाला तुमच्या विहिरीचं काय? आणि त्यांच्याकडं पंचगंगेत बोट उलटली तर तुमच्या तालुक्यात ती तरी छापतो का आपण? त्यात खोटं काही नव्हतं. अशी बोट उलटली होती का, हेही मला ठाऊक नव्हतं.

त्यांच्याकडून मी त्या अंकाची जास्तीची प्रत मागून घेतली. परतीचं तिकीट रद्द केलं आणि कोल्हापूरची गाडी धरली. गाडीत शेजारच्या माणसानं पेपर वाचायला मागितला. दिला. त्यानं पहिलं पान पाहिलं, हा तर जुना आहे म्हणाला आणि परत केला.

कारखान्याचं नाव तात्यांच्या बोलण्यात आलं होतं, त्यामुळं मुरलीधर सापडायला वेळ लागला नाही. बीडकडचा ढाकणे म्हटल्यावर कारखान्याच्या गेटवर लगेच ओळख पटली, तिथं त्या बाजूचा तो एकटाच होता. पाळी सुटली तसा बाहेर आला. फोटोतल्यापेक्षा पुष्कळ काळवंडला होता. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "तात्या गेले का?"

"तात्या आहेत," मी म्हणालो. "सुदाम गेला."

तो उभा होता तिथंच खाली बसला. येणारे-जाणारे वळून पाहू लागले, तसा मी त्याला धरून समोरच्या चहाच्या गाड्यामागं नेलं. कधी, कसा, ते सांगितलं. तारीख ऐकल्यावर त्यानं मान वर केली.

"विहिरीत?"

"हो."

"तिघं होते?"

मी अंक काढून सातवं पान उघडलं. त्याला शोधावं लागलं नाही. रकाना त्याच्या ओळखीचा होता.

"हे वाचलं होतं मी," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "बायकोला वाचून दाखवलं. म्हणलं, बघ, आमच्याकडं माणसं अशी मरतात, नाव सुद्धा छापत नाहीत. आणि पान उलटलं."

गाड्यावाल्यानं दोन चहा आणून ठेवले. ते तसेच राहिले.

"इथं गेटवर सगळ्या पाळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली, साहेब. त्या बाजारातल्या लोकांना. तिसऱ्या दिवशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओळखीचं कुणी होतं का रे तिकडं, म्हणून फोरमननं विचारलं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी तिकडं राख सावडली असेल."

"हो."

"कुणी सावडली?"

"तात्यांनी. सरपंच होते बरोबर."

मग मी आलो होतो ते काम सांगितलं. तात्या तार करणार नाहीत. आपल्याकडच्या अंकात पहिल्या पानावर आलं, तसंच तुमच्याकडं आलं असेल असं ते धरून चाललेत. तुम्ही वाचूनही आला नाहीत, त्यांच्यावर दोष ठेवलात, असं त्यांना वाटतं. हा अंक नुसता दाखवलात तरी पुरे. मी वाचून देईन हवं तर.

मुरलीधर ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "आपल्याकडं पहिल्या पानावर होतं?"

"चौकटीत. फोटोसकट."

"तात्या काय करतात त्या अंकाचं?"

"खिशात ठेवतात. बाजाराच्या दिवशी माझ्याकडून वाचून घेतात."

त्यानं सातव्या पानाची घडी पुन्हा मोडली, त्या दोन ओळींवर अंगठा ठेवला. अंगठ्यानं त्या सहज झाकल्या गेल्या.

"आणि मी जाऊन त्यांना हे दाखवू," तो म्हणाला. "आपल्याकडचा अंक वेगळा आणि इकडचा वेगळा, हे तात्यांना कळत नाही, साहेब. पेपर म्हणजे पेपर. अख्ख्या मुलखानं सुदामला पाहिलंय, एवढ्यावर तो माणूस उभा आहे."

"पण तुमच्यावरचा आळ जाईल."

"जाईल की," मुरलीधर म्हणाला.

तो अंक त्यानं मागून घेतला. दुसऱ्या दिवशी पगारी रजा टाकून निघतो म्हणाला. मला एसटीवर पोचवायला आला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला.

पुढचे दोन बाजार तात्या आले नाहीत. तिसऱ्याला मीच सावरखेड्याला गेलो. दार उघडं होतं. भिंतीवर जिथं दोघा भावांची तसबीर होती, तिच्या शेजारी आता दुसरी चौकट होती, काच लावलेली. आत पहिलं पान, घडीच्या खुणांसकट. तात्या चुलीपुढं बसून एकट्यापुरती भाकरी थापत होते. बसा म्हणाले. मुरली येऊन गेला म्हणाले. एक रात्र होता. बीडवरून चौकट करून आणली आणि पेपर त्याच्यात बसवला.

"बसवायच्या आधी म्हनलं, वाच एकदा. पारावर वाचायचास तसा वाच. सगळी वाचली त्यानं. कुठं अडखळला न्हाई."

मी चौकटीकडे पाहत होतो. काचेआड सुदामच्या खांद्यावर तो हात होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तात्यांनी भाकरी उलटली. पापुद्रा फुगेपर्यंत थांबले.

"म्हनला, तिकडं बी मोठं आलं व्हतं. पयल्या पानावर. फोटोसकट. म्हनला, त्याच दिवशी सकाळी वाचलं म्या, तात्या. यायचं धाडस झालं न्हाई."

चुलीतलं लाकूड त्यांनी आत सारलं. धूर झाला, डोळे पुसले, पुन्हा सारलं.

"म्या विचारलं, तिकडच्या फोटुत तुजा हात व्हता का? तर म्हनला, ध्यान न्हाई." त्यांनी वर पाहिलं. पहिल्या भेटीपासून त्यांनी माझ्याकडं असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. "स्वोताचा हात, पत्रकार. मानूस इसरंल का? तुमी तर बघितला आसंल त्यो कोल्हापूरचा अंक."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. तिचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत तात्या थांबले होते.

"बातमी मीच पाठवली होती, तात्या," मी म्हणालो. "फोटोसकट."

यातला शब्दन् शब्द खरा होता. तात्यांनी मान हलवली आणि निम्मी भाकरी मोडून माझ्यापुढं ठेवली.

याला आता बरीच वर्षं झाली. त्या विहिरीला पुढं पाणी लागलं. माझी बदली झाली, तालुका सुटला. अधूनमधून सावरखेड्याचं कुणी भेटलं की मी चौकशी करतो. तात्या आहेत, फारसे हिंडत नाहीत. मुरलीधर वर्षातून एकदा, सुदामच्या तिथीला येतो. सकाळच्या गाडीनं येतो, चौकट खाली उतरवतो, वाचून दाखवतो, पुन्हा टांगतो आणि दुपारच्या गाडीनं परत जातो. मुक्काम करत नाही. राहू नको असं तात्या त्याला म्हणाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. राहा म्हणाल्याचंही नाही.